डावऱ्या शिपायाचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे म्हणू की जुने शीड, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रशीद तांडेलांच्या मचव्यासाठी मला शिवले, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. मलबारची कौले आणताना पोटात वारा भरून मी नुसता मिरवत असे. पुढे मचवा थकला आणि महिपत नावाच्या सिनेमावाल्याने मला विकत घेतले.

मांडवीच्या वाळूत महिपतने कनात ठोकली होती. वर मोकळे आभाळ, मधोमध पोफळीचे दोन खांब आणि त्यांना ताणून बांधलेला मी. तेव्हा सिनेमा मुका होता. खेळाआधी माझ्यावर बादल्यांनी पाणी मारत, म्हणजे चित्र आरपार दिसे. पुरुष माझ्यासमोर बसत, बायका माझ्या पाठीमागे. इंग्रजी अक्षरे काशीराम मास्तर मोठ्याने मराठीत सांगत. तरुणपणी ते शिमग्याच्या नमन-खेळ्यांत संकासुर राक्षसाचे सोंग घेऊन नाचत, त्यामुळे त्यांच्या तोंडी गोरा साहेबसुद्धा संकासुरासारखाच गरजे! लोकांना ते फार आवडे.

एका वर्षी शिमग्यानंतर लढाईचे चित्र आले. वाळवंटात वाट चुकलेली पायदळाची एक लहान तुकडी, मूठभर शिपाई आणि एक आटत चाललेली विहीर. दाढ्या वाढलेल्या, अंगभर धूळ, एकाचा चेहरा दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येऊ नये. त्यांतला एक उंच शिपाई आपली भाकरी मोडून आजारी सोबत्याला भरवी.

माझ्या पाठीमागे मिरजोळ्याची राही बसली होती. तिचा नवरा बाबू पलटणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेला, तो बेपत्ता झाला. ना निरोप, ना मरणाची बातमी. आता बारा वर्षे भरत आली होती. बारा वर्षे माणूस परतला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. राहीच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, दिवससुद्धा ठरवला होता. त्या दिवशी तिचे कुंकू पुसले जाणार होते.

त्या उंच शिपायाने भाकरी मोडली आणि राही ताडकन उभी राहिली. तो डाव्या हाताने भरवत होता. बाबू डावरा होता! तशीच उंची, तसेच मान कलती करून हसणे. बिचारीचा श्वास माझ्या ओल्या पाठीला लागत होता. मला तोंड असते तर तेव्हाच सांगितले असते, की बाई, पाठीमागून सगळे उलटे दिसते.

पण तोंड नव्हते, आणि दैवही पाठीशी नव्हते. शेवटचे रीळ लागायच्या आत खाडीकडून वारा सुटला आणि मी वरपासून खालपर्यंत टरकन फाटलो. खेळ बंद पडला. जो वारा जन्मभर झेलला, त्यानेच माझी शोभा केली.

सकाळी राही सुई-दोरा घेऊन हजर. महिपतला म्हणाली, मी शिवून देते, पण संध्याकाळी उरलेले चित्र दाखवा. वाळूत मांडी घालून तिने मला मांडीवर घेतले आणि दाट, बारीक टाके घातले. काशीराम मास्तर शेजारी येऊन बसले, तेव्हा तिने मान वर न करता विचारले, “मास्तर, त्यो डावरा शिपाय शेवटाला वाचतो ना? आप्पांस्नी सांगितलंय मी, माजा घो जिता हाय. पुतला जालू नका.”

मास्तरांच्या लक्षात सगळे आले. शेवटी तो शिपाई मरतो, हे त्यांना ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, “आज तू म्होरं बस. माझ्याजवल.”

संध्याकाळी महिपतने चित्र पहिल्यापासून लावले. बाप्यांच्या गर्दीत राही डोईवरचा पदर सावरून बसली. शिपायाने भाकरी मोडली. उजव्या हाताने. ती पुढे झुकली आणि तिने स्वतःचे दोन्ही हात एकदा पाहिले. शेवटी तो शिपाई माझ्यावरच, तिच्याच शिवणीवर कोसळला. मास्तर त्या दिवशी गरजले नाहीत.

लोक उठून गेले तरी ती बसून होती. मग म्हणाली, “ह्यो दुसऱ्या कुनाचा हाय, मास्तर. त्याच्या बायकोला कुनी कलवलं असंल का?”

राही माझ्याजवळ आली, पाठीमागे वळून गेली आणि तिने महिपतकडे माझ्या कडेची एक पट्टी मागितली. पुतळ्यावर घालायला. “ह्याच कापडावर मना माजा घो डोलं भरून दिसला,” ती म्हणाली. “एका सांजेपुरता का व्हईना.”

महिपतने कात्री आणली. मित्रांनो, मला मुळीच दुखले नाही.

पुढे बोलपट आले आणि माझी गरज संपली. आता मी पावस गावच्या एका बागेत आंब्याच्या अढीवर पडून असतो. ठिकठिकाणी विरलो आहे, पण राहीची शिवण एका टाक्यानेही उसवलेली नाही. तुम्ही मला फाडून पोतेरे केलेत तरी माझी तक्रार नाही. फक्त ती शिवण जिथे लागेल, तिथे कात्री थांबवा. नवरा जिवंत दिसावा म्हणून कुणीतरी ती घातली आहे.