खरं बोलणारा न्हावी

गुरुजींनी न्हाव्याला बजावलं होतं, ‘खरं तेच बोल.’ तेव्हापासून त्याची गिऱ्हाइकं गळू लागली. ‘कसा दिसतोय?’ असं कुणी विचारलं की तो सांगे, ‘आधी बरे दिसत होतात.’

बायको वैतागली. ‘अहो, दुकान बंद पडल्यावर खाणार काय? खरेपणा?’

तो वस्तऱ्याला धार लावू लागला.

एके दिवशी खुद्द गुरुजी केसांना कलप लावून घ्यायला आले. काम झाल्यावर आरशात मान वळवत म्हणाले, ‘काय रे, वय उतरलं की नाही?’

न्हाव्यासाठी आज्ञा ती आज्ञा. ‘केसांचं उतरलं, गुरुजी. त्यामुळे तोंड जास्तच म्हातारं दिसतंय.’

गुरुजींनी अंगावरचं कापड झटकलं. ‘उद्यापासून तू मौन पाळ!’

आठवडाभरात गिऱ्हाइकं परतली, आणि बायकोची गुरुजींवर श्रद्धा बसली.