एक्केचाळीस नंबरची खोड

प्रयोगशाळेत एक्केचाळीस नंबर पार बदनाम होता. माणसाच्या रक्तापासून हृदयाच्या पेशी घडवायच्या, त्या बशीत धडधडायला लागल्या की नवीजुनी औषधं टाकायची आणि कुठलं औषध ठोका बिघडवतं ते टिपायचं, हे ताईचं काम. रक्त देणाऱ्या प्रत्येकाच्या पेशींना नावाऐवजी नंबर असायचा. बाकीचे नंबर शहाण्यासारखे चालायचे. हा मेला मध्येच अडखळायचा. मग त्याच्या आकड्यांवर काट मारायची, 'बशी खराब' लिहायचं नि पुढे जायचं, अशी तिथली रीतच होती. सर्दीच्या गोळीच्या चाचणीत ताईनेही मारली. जावई आहे, रुसल्याशिवाय राहायचा नाही, असं म्हणून हसलीसुद्धा होती.

त्यानंतर तीन महिन्यांनी तिचा धाकटा भाऊ गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती. शिंकत होता म्हणून आईने तीच सर्दीची गोळी दिली, तो झोपला आणि उठलाच नाही. मीच दिली गं माझ्या हाताने, हे आईचं पालुपद वर्षभर चालू होतं. साध्या गोळीने कुणी मरतं का, आम्हीच तपासलीये ती, अशी ताई तिची समजूत घालायची.

आणि परवा घरी पत्र आलं. रक्त देणारा वारला, तर त्याच्या पेशी ठेवायला घरच्यांची सही लागते. कुणाचा कुठला नंबर ते चाचणी करणाऱ्यांना कळू देत नाहीत, पण पत्रावर भावाचं नाव होतं आणि नंबरही. रक्त दे म्हणून गळ ताईनेच घातली होती. तो नंबर एक्केचाळीस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने एक्केचाळीसची ताजी बशी मायक्रोस्कोपखाली घेतली आणि त्याच औषधाचा थेंब सोडला. ठोके नीट चालले होते. मग एक चुकला. मग नुसती थरथर, आणि मग काहीच नाही. भावाला जाताना कुणी पाहिलं नव्हतं. ताईने आता पाहिलं. तिला ओरडावंसं वाटलं, पण शेजारी लोक काम करत होते. जुन्या वहीतल्या काटेखाली तिने खरं काय ते लिहिलं, साहेबांच्या टेबलावर वही ठेवली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

घरी आई पत्र पुढ्यात घेऊन बसली होती.

"गोळीनेच गेला ना?"

ताईला नाही म्हणता आलं असतं.

"गोळीनेच. पण तुझ्यामुळे नाही, आई. त्याने आधी सांगितलं होतं, मला. तो बशीत अडखळला, आणि मी काट मारली."

आईने पेन उचललं, सावकाश सही केली.

"आता अडखळला, तर ऐकत जा त्याचं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.