चोरून आणलेलं दावं

दोन पाय बाहेर आले होते, पण तोंड दिसत नव्हतं. पाय पुढचे होते, खूर खाली वळलेले. म्हणजे वासरू सरळ येत होतं. मग त्या पायांवर टेकलेलं असतं ते नाक कुठे गेलं? मी बाही खांद्यापर्यंत सारली, हाताला साबण आणि डुकराची चरबी चोपडली आणि आत हात घातला. मान मागे वळलेली होती. वासरानं तोंड स्वतःच्याच बरगडीकडे फिरवलं होतं, जणू बाहेरचं काही बघायचंच नाही त्याला. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा.

बोटं कशीबशी त्याच्या तोंडाला लागली. त्यानं चोखलं. जिवंत होतं.

रुमेंका माझी एकुलती एक गाय. नवरा ऑस्ट्रियात भिंती बांधतो, नाताळला येतो, ईस्टरला फोन करतो. इथं घर चालतं ते हिच्या चीजवर आणि सायीवर. ती मेली तर मी काय करणार हे मला माहीत नव्हतं, आणि विचार करायला वेळही नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. म्हणाला, "इकोनिया, रस्ता मोकळा झाला की निघतो."

रस्ता कोण मोकळा करणार? बर्फ काढायचं यंत्र सकाळपासून पलीकडच्या हॉटेलच्या चढावर घरघरत होतं, कारण शहरातल्या पाहुण्यांना तिथे पायाला फळ्या बांधून बर्फावर घसरायला जायचं असतं. आमच्या गोलिया डोंगरावरच्या गाईंनी मार्चमध्ये व्यायचं नाही, असा कायदाच करून टाका एकदाचा!

वासराला आत ढकलून मान वळवायची, तर डोक्यामागून मऊ दावं अडकवावं लागतं. माझ्याकडे गवताच्या गठ्ठ्याची निळी प्लास्टिकची सुतळी होती, ती कातडी कापते. वासरू ओढायचं दावं आमच्या वाडीत एकच. कापसाचं, वळलेलं, दोन्ही टोकांना फास असलेलं. ज्याला लागेल तो नेतो आणि पुढच्याची गाय विईपर्यंत स्वतःकडे ठेवतो. आत्ता ते विदोसावा काकीकडे होतं. धावले. गुडघाभर बर्फातून, चरबीनं माखलेला हात तसाच.

काकीनं दार अर्धंच उघडलं. मागे गोठ्यातून कोवळं हंबरणं ऐकू आलं.

"काकी, तुझी व्यायली?"

"आज सकाळी. खोंड झालाय. थू थू, नजर नको लागायला."

आणि गाय ज्या दिवशी विते त्या दिवशी आमच्याकडे घरातून काही बाहेर जात नाही. मीठ नाही, विस्तव नाही, चमचासुद्धा नाही. दिलं तर गाईचं दूध त्या वस्तूबरोबर निघून जातं, नाहीतर गायच जाते. माझ्या आईनं हे पाळलं, तिच्या आईनं पाळलं.

"काकी, दावं दे. मान मागे आहे. चल तूही, तुझा हात बारीक आहे."

"देता येत नाही, पोरी."

"अगं, मरतेय ती!"

"दिसतंय मला. तुझं तोंड बघूनच दिसतंय. पण आज मला ना दावं देता येत, ना हात."

"दगड आहेस तू, काकी. तुझी गाय सुखरूप बसलीय ना खात, मग दुसऱ्याची जाऊ दे खड्ड्यात!"

तिला झोंबलं. ओठ घट्ट मिटले. मग ती माझ्याकडे न बघता, दाराच्या चौकटीला सांगावं तसं म्हणाली, "मी काही देत नाहीये. दावं लाकडांच्या खोपटात खुंटीवर टांगलंय, हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. चुलीवर मक्याचं पीठ शिजतंय, ते ढवळायला मी आत चाललेय. पाठ करून उभी राहीन. म्हातारीला ऐकू कमी येतं."

दार लागलं. मला कळायला एक क्षण लागला. मग मी खोपटात घुसले, खुंटीवरून दावं ओढलं आणि पळाले. कुंपणापर्यंत पोचले नाही तोच मागून आरडाओरडा सुरू.

"चोर! चोर गं! भरदिवसा चोरी! सटवीचे हात झडोत!"

वळून बघितलं. काकी घोंगडी गुंडाळून, हातात फावडं घेऊन बर्फातून माझ्यामागे येत होती, आणि तिच्या वयाला शोभणार नाही इतक्या वेगानं.

गोठ्यात पोचले तेव्हा रुमेंका आडवी झाली होती. डोळे वर, जीभ बाहेर. काकी धापा टाकत आत शिरली. फावडं फेकलं, घोंगडी फेकली आणि हात साबणात बुडवला.

"हात देतेयस की काय, काकी?"

"गप्प बस. माझी वस्तू परत घ्यायला आलेय. हात मध्ये येतोय त्याला मी काय करू? कळ थांबली की ढकल त्याला मागे. आत्ता नाही! थांब म्हणते ना!"

कळ ओसरली. मी पाय धरून वासराला आत रेटलं. काकीचा हात कोपरापर्यंत गेला, मग त्याच्याही पुढे. तिचा गाल गाईच्या मांडीला टेकला होता, डोळे मिटलेले. पुढची कळ आली आणि तिचा हात आतच चिरडला. ती शिवी हासडून दातांखाली ओठ धरून राहिली, पण हात काढला नाही.

"नाकपुडी सापडली... निसटली. परत ढकल. अजून. तुझ्यात जोर नाही का गं, जेवत नाहीस का?"

मी ढकललं. माझ्या पाठीत काहीतरी कटकन वाजलं.

"आला! जबडा धरला. दावं सरकव, कानांमागून. ओढू नकोस, नुसतं ताणून धर."

मान फिरली. ती हातांना कळली, आधी अडलेली आणि मग एकदम सैल. पायांवर नाक आलं. मग आम्ही दोघी कळेबरोबर ओढत राहिलो, एकदा हा पाय, एकदा तो. खांदे सुटल्यावर खाली, गाईच्या मागच्या खुरांच्या दिशेनं. वासरू गवतावर येऊन पडलं, ओल्या पोत्यासारखं. निळं. गप्प.

"मेलं," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलं?" काकीनं त्याच्या तोंडातला चिकटा बोटांनी काढला, नाकपुडीत काडी खुपसली. काही नाही. मी बादलीतलं गार पाणी त्याच्या कानात ओतलं. मूठभर गवतानं छाती चोळायला लागले, चोळतच राहिले. माझ्या तोंडून काय काय शिव्या बाहेर पडत होत्या, मलाच ठाऊक नाही. डॉक्टरला, यंत्राला, हॉटेलला, नवऱ्याला.

वासरू शिंकलं.

कालवड होती. रुमेंकानं मान वळवली आणि तिला चाटायला लागली. मी भिंतीला टेकून खाली बसले. मग अंगात पुन्हा राग चढला. उठले आणि दावं काकीसमोर धरलं.

"घे."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "वेडी झालीस? आता तुझी व्यायलीय. देऊ नकोस कुणाला काही."

"घे म्हणते! या खुळापायी आत्ता गाय गेली असती माझी."

"गेल्या वर्षी तुला मूठभर मीठ दिलं होतं," काकी हळूच म्हणाली. "माझी झोरा व्यायली त्याच दिवशी. तुझ्याकडे पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी झोरा गेली. तुला कधी बोलले मी?"

नव्हती बोलली. मी ते मीठ विसरूनही गेले होते.

"काकी, झोराला दुधाचा ताप आला होता. एका सुईचं काम होतं. झोरा मिठानं मेली नाही, बंद रस्त्यानं मेली."

"असेल," ती म्हणाली. "पण रस्ता माझ्या हातात नाही. मीठ आहे."

मी दावं दाराजवळच्या खिळ्यावर अडकवलं आणि चीक काढायला रुमेंकाकडे तोंड करून बसले, म्हणजे दाराकडे पाठ. मागे पावलं वाजली, कडी वाजली.

वळले तेव्हा खिळा रिकामा होता. आणि फळीवरची प्लमच्या दारूची बाटलीही.

मी दारात जाऊन, फुप्फुसात होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "चोर! चोर गं!"

कुंपणापलीकडून फावडं हवेत उंच झालं आणि हललं.