दोन एकरांची साडी

लताबाईंनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, तेव्हाच सुबोधने ओळखायला हवं होतं की आपला रविवार कामातून गेला. पण त्या बिचाऱ्याला काय माहीत? तो लताबाईंच्या मुलाचा, विकीचा, शाळेपासूनचा मित्र, घरांच्या कागदपत्रांची कामं करणारा. ‘काकी, पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणून आलेला. दुसरा चहा संपला तरी काकी आपल्या दुसऱ्याच पानावर.

“काकी, त्यात वाचायचं काय? सगळीकडे हाच मसुदा असतो.”

“असू दे की. मी वाचायला शिकले ते काय फक्त दुकानांच्या पाट्या वाचायला?”

लताबाई महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. चौथीत सुटलेली शाळा त्यांनी पस्तिशीनंतर पुन्हा धरली आणि दहावी करूनच सोडली. तेव्हापासून हातात येईल तो कागद त्या वाचतात, विजेच्या बिलामागची बारीक अक्षरंसुद्धा. त्याला कारण होतं, आणि ते कारण आतल्या कपाटात तळाला पडलेलं होतं.

त्यांचे मिस्टर भीमराज जाऊन तीन महिने झाले होते. साकीनाक्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभं राहून त्या माणसाने नाहूरचं हे घर केलं. मृत्युपत्र काही केलं नाही. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी लिहायची वेळ आली, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, मुलाचं नाव टाका, पुढे त्रास नको. भीमराजनी रश्मी आणि विकी, दोघांची नावं टाकली. “मुलं दोन आहेत, मग नाव एक कसं टाकू?” हे वाक्य लताबाई अजून शेजारणींना ऐकवतात, आणि ऐकवताना मान कशी ताठ होते ते बघण्यासारखं असतं.

तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. रश्मी आपला हक्क स्वखुशीने, विनामोबदला सोडत आहे, आणि घर विकी व त्याच्या आईच्या नावावर राहील, असं तिथे लिहिलं होतं.

“हे कुणी सांगितलं लिहायला?”

सुबोधने विकीकडे पाहिलं. विकीने मोबाइलकडे पाहिलं.

“सांगायला कशाला लागतं, काकी,” सुबोध म्हणाला. “बहीण असली की हक्कसोड असतेच.”

रश्मी विकीहून चार वर्षांनी मोठी. मुलुंडला सासर, तिथल्याच एका हॉस्पिटलात नर्स. बापाच्या शेवटच्या आजारपणात ड्युटी संपवून रोज इथे यायची, त्यांची दाढी करून द्यायची, मगच घरी जायची. आजही ती सहीसाठीच आली होती; तिने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

“आई, दे इकडे. मी करते सही. मला काय करायचंय घर घेऊन? माझं माहेर तेवढं राहू दे.”

बस. तेवढं एक वाक्य लताबाईंना लागलं. अगदी वर्मी लागलं. कारण ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, तीस वर्षांपूर्वीचं.

“थांब गं,” म्हणत त्या उठल्या. आत गेल्या, कपाट उघडलं, तळातली पिशवी काढली आणि बाहेर येऊन त्या कागदावरच ठेवली. पिशवीतून निघाली एक साडी. पोपटी रंगाची, लाल काठाची, घडीसुद्धा न मोडलेली.

“विकी, ही काय आहे?”

“साडी आहे.”

“जमीन आहे ती. माझ्या बापाची दोन एकर, माझ्या वाट्याची. दादा गावाहून ही साडी आणि कागद घेऊन आला होता. तुझे पप्पा म्हणाले, लता, वाचल्याशिवाय सही करू नको. मी म्हटलं, भावाचा कागद कुणी वाचतं का? आणि मला तेव्हा वाचता तरी कुठे धड येत होतं. केली सही. माहेर राहू दे म्हणून केली.”

विकीची बायको दिशा कप उचलायला आली होती, ती तशीच दारात उभी राहिली.

“राहिलं का माहेर?” लताबाई म्हणाल्या. “दादाच्या पोरीचं लग्न झालेलं मला तिसऱ्याकडून कळलं. जमीन गेल्याचं तेवढं दुःख नाही रे. बोलावणं गेलं त्याचं आहे. जिचं काही राहिलंच नाही, तिला बोलवायचं तरी कशाला?”

लताबाईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी, आता, भीमराजचा.

“बाबासाहेबांनी बायकांच्या हक्कापायी मंत्रिपदावर लाथ मारली. त्यांच्या फोटोखाली बसून तू बहिणीला हक्क सोडायला लावतोस? रोज हार घालतोस तो कशाला मग?”

विकीचं तोंड पडलं. पोरगा वाईट नाही, हे लताबाईंना ठाऊक होतं. वाईट नसलेलीच माणसं असल्या गोष्टी करतात. सगळे करतात म्हणून करतात.

“आई, मला खरंच वाटलं, असंच असतं. ताई पण कधी काही बोलली नाही.”

“ती कशी बोलेल? मी पण नव्हते बोलले.”

विकीने साडी उचलली, जपून रश्मीच्या मांडीवर ठेवली. मग खालचा कागद घेतला, आडवा फाडला, उभा फाडला.

“सुबोध, नवीन बनव. तिघांची नावं. आणि पहिलं आईचं टाक.” थोडं थांबून बहिणीला म्हणाला, “सॉरी, ताई. वाट लावत होतो मी.”

रश्मीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडायला लागली. लताबाई मात्र रडल्या नाहीत. भीमराजच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, “बघितलंत? पोरगा तुमच्यावर गेलाय. जरा उशिरा गेला, पण गेला.”

पुढच्या महिन्यात दस्त नोंदवायला सगळे मुलुंडच्या कार्यालयात गेले. लताबाई ती पोपटी साडी नेसल्या होत्या. तीस वर्षांच्या घड्या इस्त्रीलाही दाद देत नव्हत्या, त्या अंगभर चौकोन पाडून दिसत होत्या. लताबाईंना त्याचं काही नव्हतं. दस्तासाठी फोटो काढणारी तिथली मुलगी म्हणाली, “आजी, साडी मस्त आहे.”

“महागातली आहे,” लताबाई म्हणाल्या. “दोन एकरांची.”

मुलीला काही कळलं नाही, पण तिने फोटो झकास काढला. लताबाईंनी नवा दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मागची रांग कुरकुरत असताना वाचला, आणि मग ठसठशीत सही केली. त्याखाली रश्मीने केली, त्याखाली विकीने.

बाहेर पायऱ्यांवर दिशा मागे रेंगाळली. सगळे पुढे गेल्यावर सासूच्या पदराला हात लावून हळूच म्हणाली, “आई, रविवारी माझा भाऊ येणार आहे. कागद घेऊन. ही साडी एक दिवस मला द्याल?”

लताबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. पर्समधून चष्म्याचं घर काढलं, चष्मा त्यात ठेवला आणि म्हणाल्या, “देईन की. पण नेसायच्या आधी कागद वाच.”