भाजीचे टेबल कलाबाजारात जाते

मित्रांनो, मी एक जुने घडीचे टेबल आहे, आणि त्याआधी मी एक दार होते. दार असताना लोक मला ढकलून पुढे निघून जात. टेबल झाल्यापासून ते माझ्यापाशी थांबतात, भाव विचारतात, घरच्या चार गोष्टी सांगतात. खरे सांगू? मला हा जन्म जास्त मानवला.

मला घडवले ते एका सुताराने. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून मीही म्हणते. नव्या नवरीला बाजारात भाजी मांडायला काही हवे, म्हणून त्याने हे दार आडवे केले आणि बिजागऱ्या लावून खाली पाय बसवले. किल्लीचे भोक बुजवायचे मात्र तो विसरला. त्या भोकातून आजवर वाटाण्यांच्या कित्येक पिढ्या पळून गेल्या आहेत.

त्याची बायको म्हणजे आमची वहिनी. शहराच्या कडेला तिचा भाजीचा मळा आहे आणि दर शनिवारी ती शेतकरी बाजारात बसते. काय तो शनिवार! पहाटेची ओली माती, मुळ्यांचे ढीग, टोमॅटो दाबून बघणारे हात, आणि त्या हातांवर वहिनीचा डोळा. तिची एक सवय साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. बीटचा पाला असो की कोबीचे दांडे, ती चिरायची फळी घेत नाही, थेट माझ्यावरच सुरी चालवते. "ताजं आहे ते कापल्याशिवाय कळायचं कसं?" असे म्हणते. माझे अंग सुरीच्या घावांनी भरून गेले, तराजू आपटून आपटून त्याचे गोल वण पडले. पण मला कधी वाईट वाटले नाही. गिऱ्हाइके हसत यायची आणि पिशव्या भरून जायची, मग दुखेल कशाला?

वहिनीची नणंद, म्हणजे दादाची ती धाकटी बहीण, लाकडी ठसे कोरून कापडावर छापते. बोटे कायम निळी. तिला रविवारच्या कलाबाजारात जागा मिळाली आणि टेबल म्हणून माझी वर्णी लागली. बसच्या बंद पडलेल्या आगारात तो बाजार भरतो. शेजारी मातीचे पेले, समोर विणलेल्या टोपल्या, कुठेतरी बासरी. मी हरखून गेले! पण नणंदेला माझी लाज वाटे. ती माझ्यावर जाड पांढरी चादर घाली आणि मगच आपले रुमाल मांडी. लोक येत, कापड चाचपत, "सुंदर आहे, एक चक्कर मारून येतो हं," म्हणत, आणि ती चक्कर काही संपत नसे. एकही रुमाल विकला गेला नाही. शेवटी एका रविवारी निघताना ती म्हणाली, "वहिनी, आजही काही गेलं नाही ना, तर हे ठसे मी माळ्यावर टाकणार. बस झाली हौस." मला गलबलून आले. रात्र रात्र जागून कोरलेले ठसे ते!

त्यात त्या दिवशी वहिनीची गडबड झाली. चादरीचे गाठोडे समजून तिने बटाट्याची रिकामी पोती गाडीत टाकली. आगारात पोहोचल्यावर नणंदेने कपाळावर हात मारला. मला उघडेच उभे राहावे लागले.

दुपारी एक चष्मेवाले गृहस्थ आले. रुमालांकडे त्यांनी पाहिलेही नाही. माझ्यावर वाकले, हात फिरवला आणि म्हणाले, "हे कितीला?"

"कुठला? हा निळा रुमाल?"

"नाही हो. हे टेबल. भिंतीवर लावीन म्हणतो."

मागे खोक्यावर बसून वहिनी शेंगा सोलत होती. ती चटकन म्हणाली, "देऊन टाक गं. तुझे दादा दुसरं करतील. तुझी बोहनी तरी होईल."

तिचा आवाज जरा चिरकला, तो मला एकट्यालाच कळला असेल असे वाटले. पण नणंदेलाही कळला होता.

"तुझं टेबल विकून माझी बोहनी? शोभेल का मला?" ती म्हणाली. मग ती माझ्याकडे पाहत राहिली. चादर घातल्यापासून तिने मला असे कधी पाहिलेच नव्हते. अचानक तिने रुमाल उचलले, लोकांना छापून दाखवायला आणलेला रंगाचा डबा उघडला आणि माझ्यावर निळा रूळ फिरवू लागली.

"अगं बाई! शनिवारी मी टोमॅटो कशावर मांडू?" वहिनी ओरडली.

"धुऊन देते, थांब!" तिने कोरे कापड माझ्यावर अंथरले, तळव्यांनी कोपरा न् कोपरा दाबला आणि अलगद उचलले. बासरीवालाही वाजवायचा थांबला. घावांत रंग शिरलाच नव्हता, म्हणून निळ्या कापडावर पांढऱ्याशुभ्र रेघा, तराजूचे गोल, आणि कडेला किल्लीचे भोक. ते मी होते!

वहिनी पुढे आली. "ही त्या राक्षसी भोपळ्याची रेघ. आणि हे बारीक बारीक सगळं बीटचं... अगं, हे तर माझे शनिवार आहेत." डोळ्यांतले पाणी तिने शेंगांच्या हातांनीच पुसले. गृहस्थांनी खिशात हात घातला तेव्हा ती म्हणाली, "रांगेत या भाऊ. पहिला नंबर माझा."

मग एकच झुंबड उडाली. कापड संपेपर्यंत मी छापत राहिले. लोकांनी उरलेले रुमालही उचलून नेले. ठसे माळ्यावर गेले नाहीत, उलट आता मलाच त्यांच्यात मोठ्या ठशाचा मान आहे. शनिवारी वहिनी माझ्यावर सुरी चालवते आणि रविवारी नणंद त्या आठवड्याचे कापड छापते.

परवा घरी भलताच प्रसंग आला. दोघींना खूश करावे म्हणून दादा रंधा घेऊन माझ्यावर वाकले. "पार खरबरीत झालंय. एका हातासरशी गुळगुळीत करून देतो," म्हणाले. तशा दोघी एकदमच किंचाळत धावल्या आणि मला मिठी मारून आडव्या पडल्या. दादांनी रंधा मुकाट परत खोक्यात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असेल. त्याला धुवा, पुसा, सैल खिळा ठोका. पण तासायला जाऊ नका. आधी विचारा, ही रेघ कशाची? सांगणारी व्यक्ती घरातच असते.