पडद्यापुढची सीट

बारक्याने सीटच्या कडेचं बटण दाबलं, तशी पायाखालची फळी उसळून थेट त्याच्या पोटऱ्यांवर आदळली. "आई गं!" म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी हसलं नव्हतं. एवढ्यात एअर होस्टेस चिमट्यात धरलेला गरम रुमाल घेऊन आली. त्याचं नेमकं करायचं काय, हे शेजारच्या बाईंकडे चोरून बघत त्याने आधी तोंड पुसलं, मग मान पुसली आणि शेवटी उगीचच मनगटावरचं घड्याळही पुसून घेतलं.

नाव बारक्या आणि उंची सहा फुटांच्या वर. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी पडलेलं नाव चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करणारा माणूस. अर्धं आयुष्य अंधाऱ्या शाफ्टमध्ये अंग चोरून उभं राहण्यात गेलेलं. पाय लांब करून बसायची सवय त्याला कुठली असायला? आणि आज त्याच्यापुढे चांगली हातभर मोकळी जागा होती. त्याचा थोरला भाऊ मात्र पडद्यामागे साध्या वर्गात तिघांच्या मधल्या सीटवर कोंबून बसला होता.

"दोघं मागेच बसू की," विमानतळावर तो दादाला म्हणाला होता.

"तू गप रे. तुला नीट झोप मिळाली पाहिजे."

"आणि तुला नको झोप?"

"माझं काय, मूठभर माणूस मी. पिशवीत घातलं तरी मावेन."

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. त्याची एकुलती एक मुलगी ठकी शिकायला म्हणून परदेशी गेली आणि तिथे तिच्या दोन्ही किडन्यांनी मान टाकली. वहिनी तिच्यापाशी जाऊन राहिली होती. दादाची किडनी जुळली नाही, वहिनीला मधुमेह. जुळली ती काकाची. पुढच्या आठवड्यात बारक्याची एक किडनी काढून ठकीला बसवायची होती. झोप पाहिजे होती ती त्यासाठी.

त्या घरात तोंडाने मागायची रीतच नव्हती. कुणाकडून काही हवं असलं, की आधी त्याला द्यायला सुरुवात व्हायची. दादाने कॉलेज सोडून दुकानात बसावं असं वडिलांच्या मनात आलं, तेव्हा 'दुकानात बस' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. एके दिवशी नवीकोरी सायकल आणून त्यांनी दारात उभी केली. दादाने सायकलवरून एक चक्कर मारली, आणि सोमवारी गुपचूप दुकानाचं शटर उघडलं. त्यावर कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

बारक्याचे रिपोर्ट आले त्या दिवसापासून दादाकडून त्याच्या घरी रतीब सुरू झाला होता. आधी फळांच्या टोपल्या, मग पाठीसाठी नवी गादी, मग बायकोसाठी वॉशिंग मशीन.

"दादांनी तुला विचारलं का?" मशीनवरचं प्लास्टिक न काढताच बायको म्हणाली होती.

"विचारायचं काय त्यात? घरचंच आहे."

"घरचं आहे म्हणून तर विचारायचं."

तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओवर विचारलं होतं म्हणा. मनापासून तयार आहात ना, कुणाचा दबाव नाही ना? पण तेव्हा दादा शेजारीच बसला होता, बारक्यासाठी सोललेलं संत्रं हातात घेऊन. अशा वेळी माणूस 'हो' म्हणणार नाही तर काय म्हणणार?

ठकीवर त्याचा जीव होता, त्यात काडीची खोट नव्हती. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसूनच मोठी झाली. पण भीतीही वाटत होती, आणि तीही तेवढीच खरी होती. विसाव्या मजल्यावरच्या उघड्या शाफ्टवर वाकताना ज्याचा पाय कधी लटपटला नाही, तो माणूस भूल देतात या नुसत्या विचाराने रात्ररात्र जागा राहत होता. हे तो कुणाला सांगणार? संत्रं खाऊन झाल्यावर सांगायची ही गोष्ट नव्हे. आणि आता या रुंद सीटवर, काचेच्या ग्लासातला ज्यूस पिताना त्याच्या मनात आलं, की बोकडालाही आधी हार घालतात. आल्याबरोबर त्याला त्या विचाराची शरम वाटली. विचार मात्र हलला नाही.

"पहिल्यांदाच बसताय का या वर्गात?" शेजारच्या बाईंनी विचारलं. पन्नाशीच्या असाव्यात. कापड गिरण्यांची यंत्रं विकण्यासाठी त्या वर्षातून कितीतरी वेळा असा प्रवास करत होत्या.

"विमानातच पहिल्यांदा बसतोय."

"मग थेट पुढेच बसलात की!" त्या हसल्या. "खरं सांगू? ही सीट म्हणजे ना धड शेठ, ना धड नोकर. चार बोटं जागा जास्त देतात आणि पैसे मात्र कान पिळून घेतात."

"मग घ्यायची नाही का?"

"घ्यायची, पण येताना. मी जातानाची कधीच घेत नाही, आज कंपनीने दिली म्हणून बसलेय. जाताना काय हो, माणूस उत्साहात असतो, कसाही जातो. येताना पार पिळून निघालेला असतो. पाय पसरायला जागा हवी ती तेव्हा."

बारक्या हसला आणि हसता हसता थांबला. येताना. येतानाचा विचार त्याने केलाच नव्हता. महिनाभराने याच लांबच्या वाटेने परत यायचं, कुशीला ताजी जखम घेऊन. त्याने पट्टा सोडला, ग्लास खाली ठेवला आणि उठला.

पडद्यामागे सगळ्या खिडक्या झाकून भरदुपारी रात्र केलेली होती. माणसं माना वेड्यावाकड्या टाकून झोपली होती. दादा जागाच होता. एका अंगाला एका दांडग्या माणसाचं कोपर, दुसऱ्या अंगाला झोपलेल्या मुलीचं डोकं, आणि मध्ये दादा, गुडघे जुळवून, जेवणातला पुडिंगचा डबा दोन्ही हातांत धरून.

"अरे, उठलास कशाला? हे घे, तुझ्यासाठी ठेवलंय. गोड आहे."

"दादा, जरा मागे ये."

"का रे? काही होतंय का तुला?" दादाचा चेहरा एकदम उतरला. "ताप वाटतोय? सर्दी?"

"काही होत नाही. ये तू."

माणसांची क्षमा मागत मागत दादा बाहेर पडला. शेवटच्या रांगेमागे, संडासाच्या दाराशी, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा होती. पुडिंगचा डबा दादाने तिथेही आणला होता.

"येतानाचं तिकीट कसलं आहे माझं?"

"येतानाचं?" प्रश्नाचा रोख दादाच्या ध्यानातच आला नाही. "साधं आहे. जातानाचं महत्त्वाचं ना. तू ताजातवाना पोचला पाहिजेस, डॉक्टर म्हणालेत. येताना काय, काम झालेलं असेल."

विमानाची घरघर पायातून वर चढत होती. दादा सवयीने डबा पुढे करायला गेला आणि त्याचा हात अर्ध्यावरच थांबला. आपल्याच तोंडून काय गेलं, ते त्याला आता ऐकू आलं असावं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझ्या डोक्यातच आलं नाही रे," तो म्हणाला. "देवाशपथ. मी असा कसा..."

"तेच म्हणतोय मी. तुझ्या डोक्यात किडनी आहे. मी नाही."

हे बोलणं बारक्याच्या तोंडून थोरल्या भावासमोर आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं. त्याचे कान तापले. माघार घ्यावी, 'जाऊ दे रे' म्हणावं, असं त्याला वाटलं. पण त्याने दात आवळून धरले.

तेवढ्यात विमानाने गचका खाल्ला. डोक्यावर घंटी वाजली, पट्ट्यांचे दिवे लागले. मागच्या पडद्यातून एअर होस्टेस बाहेर आली.

"कृपया आपापल्या जागेवर जा. हवा खराब आहे."

"एक मिनिट, ताई," दादा म्हणाला.

"सर, लगेच जावं लागेल."

बारक्या वळला. दादाने त्याची बाही धरली. डबा खाली पडून घरंगळत गेला. दादाच्या हातात आता द्यायला काहीच उरलं नव्हतं. त्याचे ओठ दोनदा हलले.

"बारक्या, मी तुला विचारलंच नाही रे कधी." आवाज इतका बारीक, की बारक्याला वाकावं लागलं. "विचारायचं धाडस झालं नाही. तू नाही म्हणालास तर मी काय करणार होतो? म्हणून नुसता देत सुटलो. आता विचारतो. ठकीला देशील का तुझी किडनी?"

असं कुणी तोंड उघडून विचारलं, की आपण फटकन 'हो' म्हणून मोकळे होऊ, असं बारक्याने महिनोन्महिने गृहीत धरलं होतं. पण 'हो' आलंच नाही.

"मला भीती वाटते, दादा," तो म्हणाला. "भूल दिली की मी परत उठणारच नाही, असं वाटतं. रोज वाटतं."

विमानाने पुन्हा गचका खाल्ला. दोघांनीही भिंतीला हात टेकले. दादाने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. लहानपणी शाळेच्या फाटकात त्याला सोडून जाताना पाहायचा तसं. मग त्याने बाही सोडली.

"मग नको देऊस," तो म्हणाला. "उतरल्यावर मी सांगेन तिला, शेवटच्या तपासणीत जुळलं नाही म्हणून. डॉक्टरही तसंच सांगतात, त्यांचा नियमच आहे. तुझं नाव यात कुठे येणार नाही. ठकीलाही कळणार नाही."

"आणि मग ती?"

"मग ती..." तो नुसता मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या टकलावर वरच्या दिव्याचा उजेड पडला होता, आणि बारक्याला तो एकदम फार म्हातारा दिसला.

"सर, प्लीज!" एअर होस्टेसने आता बारक्याच्या दंडाला हात लावला. बारक्या दोन पावलं गेला. सीटची पाठ धरून थांबला. वळला.

"येताना मला पाय पसरायला जागा लागेल," तो म्हणाला. "कुशीत दुखत असणार. या असल्या सीटवर मी बसणार नाही, आधीच सांगतो."

दादाने वर पाहिलं. त्याने घाईघाईने मान हलवली, एकदा, दोनदा.

"मान नको हलवू. तोंडाने सांग."

"घेतो," दादा म्हणाला. "घेतो रे बाबा."

बारक्या हलत्या वाटेने एकेक सीट धरत पुढे निघाला. पडद्यापाशी पोचल्यावरही मागून दादाचं 'घेतो, घेतो' चाललेलंच होतं, आणि एअर होस्टेस त्याला खाली बसा म्हणून विनवत होती.