पलंगाखाली राहिलेली थंडपेटी

मित्रांनो, मी एक जुनी थंडपेटी आहे. अंगाचा निळा रंग आता पार उडालाय आणि झाकणाची एक कडी तुटलीय. सुरतेतल्या डिंडोलीच्या गल्ल्यांतून मला नेताना पोरं कुल्फीची पेटी समजून मागे धावायची. माझ्या पोटात कुल्फी नव्हती, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवलेलं माणसांचं रक्त होतं. तोंडं वाकडी करू नका. तुमच्याही अंगात तेच आहे.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, भिंतींत गारवा टिकवणारा फेस भरला आणि नवी कोरी असतानाच मी सुरतेत डॉक्टर सुषमाबेनच्या प्रयोगशाळेत आले. या बाई संशोधक. काविळीचा 'बी' नावाचा एक विषाणू आहे, त्याच्या मागे त्या हात धुऊन लागल्या होत्या. हा विषाणू मोठा लबाड. यकृतात घुसतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. माणूस खातो-पितो, मागावर पाळी करतो, त्याला काही कळत नाही. मग एक दिवस त्याच यकृतात कर्करोग निघतो. तो कुणाला होणार हे आधीच ओळखता आलं तर माणूस वाचेल, म्हणून बाई डिंडोलीतल्या घराघरांतून रक्त गोळा करायच्या आणि मी ते वाहायचे. तेव्हा माझं किती कौतुक! "ही पेटी म्हणजे माझा उजवा हात," असं बाई सगळ्यांना सांगायच्या.

त्या घरांपैकी एक भाईदासचं. मूळचा अमळनेरकडचा, इथे लूमवर कामाला. त्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा त्याच्या बायकोने, उषाबाईने, त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणे. माळ लांबली, कावीळ काही उतरली नाही. आमच्याकडे आला तेव्हा यकृतात कर्करोगाची मोठी गाठ होती. बाईंनी जीव तोडून प्रयत्न केले, पण भाईदास गेला. आणि शेजारची पुष्पाबाई काय म्हणाली? "यकृत सडलं म्हणजे पीत असणारच." अरे, ज्या माणसाने जन्मात दारूचा घोट घेतला नाही, त्याला मेल्यावर गल्लीने दारुडा ठरवला! उषाबाईच्या मनात ते जे रुतलं, ते निघालंच नाही.

मग बाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. मुलगा धर्मेंद्रच्या रक्तात विषाणू निघाला आणि त्याची बायको ज्योती, तिच्याही. ज्योती तेव्हा पोटुशी होती.

बाईंनी तिघांना समोर बसवलं. "घाबरू नका. बाळ जन्मलं की बारा तासांच्या आत त्याला दोन सुया द्यायच्या. एक लस आणि एक वेगळं इंजेक्शन. तेवढं केलं की बाळ बहुतेक वाचतंच. पण उशीर चालणार नाही. बाळंतपण इथेच करा."

उषाबाई म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, बेन. ते काही मोडता येत नाही."

ज्योतीचं माहेर अमळनेरजवळच्या खेड्यात. बाईंनी तिथल्या डॉक्टरला फोन करते म्हटलं, तर उषाबाईने हात जोडले. तिथे कुणाला कळायला नको, दवाखान्यातलं गावभर होतं. शेवटी असं ठरलं की कळा सुरू झाल्या की धर्मेंद्रने यायचं, दोन्ही औषधं बर्फात घालून माझ्यातून न्यायची आणि अमळनेरकडे जाणारी ताप्ती लाइनची पहिली गाडी पकडायची.

फोन आला. धर्मेंद्र धावत आला. बाईंनी स्वतःच्या हातांनी औषधं भरली, झाकण दाबून पाहिलं. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आजवर मी रोग वाहिला होता, पहिल्यांदाच रोग अडवायला निघाले होते.

धर्मेंद्र आईला घ्यायला घरी थांबला. उषाबाईने बाळंतविडा बांधून ठेवला होता, डिंकाचे लाडू, झबली, टोपडी. मला पाहताच तिने पदर कमरेला खोचला.

"हे डबडं कोठे? व्याही काय म्हनतीन?"

"माय, बेननी बजाईसन सांगेल शे. बारा तासना आत."

"तुन्हा बापले लोकेस्नी दारुड्या करी टाकं. आते तुले आन् तिले रोगी करनं शे का? पाचवी व्हई जाऊ दे. मंग देसूत सुई. सुई काय पळी जास का?"

आणि तिने मला पलंगाखाली सरकवलं. धर्मेंद्र दोन क्षण दारात उभा राहिला. एवढा मोठा बाप्या, पण वाकून मला बाहेर ओढलं नाही. लाडवांची पिशवी उचलली आणि आईच्या मागे गेला. पोटात बर्फ वितळत होता आणि मला ओरडताही येत नव्हतं.

पुढचं मला मागाहून कळलं. मुलगी झाली. तिथल्या छोट्या दवाखान्यात त्या दिवशी लस शिल्लक नव्हती, सोमवारी या म्हणाले. आईच्या रक्तात काय आहे हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी धावाधाव केली असती. पण सांगतंय कोण? इकडे सुषमाबेनचा फोन गेला तर धर्मेंद्र म्हणाला, "दिल्या बेन, दोन्ही दिल्या." बाईंनी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले.

सव्वा महिन्याने ज्योती बाळ घेऊन परतली. नाव ठेवलं होतं चंचल. दुसऱ्याच दिवशी उषाबाई मला स्वच्छ पुसून, नातीला कडेवर घेऊन प्रयोगशाळेत हजर. चेहरा अगदी निश्चिंत.

"बेन, पाचवी बी व्हई गयी. आते दी टाका सुया."

बाईंनी झाकण उघडलं. कोमट पाण्यात दोन्ही बाटल्या जशाच्या तशा, सीलसुद्धा न फोडलेलं. बाई खाली बसल्या. "मासी, हे काय केलंत! एवढ्यासाठी मी जीव आटवला!" उषाबाईला कळेना की सुया तर आणल्यात, मग बेन रडतेय का.

बाईंनी ताजी लस दिली. वर्षभर वाट पाहिली. मग चंचलचं रक्त घेतलं आणि ते मीच नेलं. विषाणू होता.

"म्हणजे आता हिलाही..." उषाबाईने नातीला छातीशी धरलं.

"दर सहा महिन्यांनी तपासायचं, मासी. जन्मभर. औषधं आहेत, मी आहे. पण तो तिच्या अंगातून सहसा जाणार नाही."

तिथल्या तिथे उषाबाईने कपाळ बडवून घेतलं. मला दया यायला हवी होती. नाही आली. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मला जपा, माझी कडी नीट करा, असं मी मागत नाही. भंगारात द्या खुशाल. पण आजाराला लाजून तो घरात लपवू नका आणि ज्याला त्या आजारामुळे दारुडा ठरवलं जातं त्याच्या घरासमोर कुजबुजू नका. तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा आधी त्याच्या सुईचं विचारा, लाडवांचं मागाहून.

चंचल आता पाच वर्षांची आहे. दर सहा महिन्यांनी येते, स्वतःच बाही वर करते आणि हात पुढे धरते. रडत नाही. "आपण कशाला येतो गं?" बाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माझं काय चुकलं ते बघायला."